झडप आणि हात

वलवणला वाढलेल्या माणसाला झडप म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं. आमच्या तळ्याचं पाणी पाचशे मीटरहून जास्त खाली उतरून तिथे पोचतं. पण झडप उघडली तरच. म्हणून की काय, १८३०च्या आसपासच्या फ्रेंच हॉर्नचं चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझी नजर भोंग्यावर ठरलीच नाही. ती गेली वेटोळ्याच्या मधोमध बसवलेल्या दोन बारीक पिस्टनांवर.

तशी ही पितळी नळी आपल्या शिंगाची, तुतारीचीच भावकी. उलगडली तर जवळजवळ बारा फूट. नरसाळ्यासारख्या निमुळत्या तोंडीत ओठ थरथरवायचे आणि नळी देईल ते सूर घ्यायचे. खाली सा, प, सा, ग, प असे ऐसपैस अंतरावर. वर गेलं की दाटीवाटीने. त्या दाटीत एक लबाड सूर आहे, अकरावा. तो ना शुद्ध मध्यम, ना तीव्र; दोहोंच्या अगदी मधे लोंबकळतो. मधले सूर नळीत नाहीतच. १७५०च्या सुमारास ड्रेस्डेनच्या हाम्पेलने भोंग्यात उजवा हात घालून ते काढण्याची रीत बसवली. हात आत सरकला की सूर उतरतो, पण कोंडतोही. त्यामुळे एकाच सप्तकात काही सूर उघडे, काही पदराआडून बोलल्यासारखे.

बर्लिनमध्ये श्टोल्झेल आणि ब्ल्यूमेल यांनी १८१८ साली झडपेचं पेटंट घेतलं. युक्ती साधी. पिस्टन दाबला की हवा जादा नळीच्या वळशाने जाते, वाद्य तेवढं लांब होतं आणि सूर उतरतो: एका पिस्टनने पूर्ण स्वर, दुसऱ्याने अर्धा, दोन्ही मिळून दीड. श्टोल्झेलच्या झडपेत हवा पिस्टनच्या बुडातूनच ये-जा करते, त्यामुळे ती इतकी सडपातळ असते की वाद्याच्या अंगावर दागिन्यासारखी दिसते. वळणं मात्र अवघड. फुंकणाऱ्याला तिथे अडल्यासारखं होतं.

दोनच पिस्टन का? कारण उरलेलं काम हाताचं. मला हा हॉर्न आवडतो तो इथे. पॅरिसच्या काँझर्व्हात्वारमध्ये १८३३ पासून पिस्टनच्या हॉर्नचा वर्ग चालवणाऱ्या मेफ्रेदचा आग्रह हाच होता: नसलेले सूर झडपेने आणा, बेसूर सुधारा, पण हलके कोंडलेले गोड सूर हातातच राहू द्या. षड्जाकडे ओढला जाणारा निषाद हाताने झाकून घेतला की कसा तळमळतो, हे कुठल्याही ख्यालप्रेमी माणसाला लगेच कळेल. आलेव्हीच्या ‘ला ज्युइव्ह’ या १८३५च्या ऑपेरात दोन साधे हॉर्न आणि दोन पिस्टनचे शेजारी शेजारी बसले, तेही त्याच समजुतीने.

पेटीचा वाद आपल्याकडे झालाच की! आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बाहेर काढलं आणि तीसेक वर्षं दाराबाहेर ठेवलं, कारण तिच्यात मींड नाही. झडपेवरही तसाच आक्षेप: सगळे सूर एकाच रंगाचे करते. ब्राम्सने १८६५चं हॉर्न त्रिकूट मुद्दाम बिनझडपेच्या वाद्यासाठी लिहिलं. मेफ्रेद १८६४ मध्ये निवृत्त झाला आणि त्याचा वर्गही बंद पडला. पुढे तीन झडपांचा हॉर्न जिंकला. सफाईदार, बिनचूक; मला जरा गुळगुळीत वाटतो.

फ्रेंच कारागिरांची आणखी एक करामत अशी, की काही हॉर्नांत पिस्टनांचा सगळा सांगाडाच उपसून काढता येई. त्या जागी साधी वळलेली नळी बसवायची, की वाद्य पुन्हा मोकळं आणि हात पुन्हा भोंग्यात.