वेशीबाहेरची वाट

दिवाळी अंकात ‘समीक्षा’ हा शब्द दिसला की बहुतेक वाचक पान उलटून कथेकडे वळतात, हे मला ठाऊक आहे. मीही तेच करतो. त्यातून ही समीक्षा पुस्तकाची नाही, नाटकाचीही नाही. संगणकावर खेळायच्या एका खेळाची आहे, आणि त्यातही त्या खेळातल्या शेतीची. तेव्हा ज्यांना आत्ता या घटकेला चकली अधिक प्रिय असेल, त्यांनी खुशाल पुढे जावे. राहतील त्यांच्यासाठी सांगतो.

गेल्या मे महिन्याच्या सुटीत पुण्याचा भाचा शेवगावला आला. येताना संगणक काखोटीला मारून आला. “मामा, तुमच्यासाठी शेतीचा खेळ आणलाय. यात पाऊस कमी पडत नाही,” असे म्हणून त्याने तो माझ्यापुढे मांडला. खेळाचे नाव ‘बॅनिश्ड’, म्हणजे हद्दपार. २०१४ सालचा आहे. ल्यूक होडोरोविच नावाच्या एकाच गृहस्थाने तो एकहाती रचला. एकट्याने लिहिलेल्या कादंबरीबद्दल मला जी आपुलकी वाटते, ती मला या खेळाबद्दलही प्रथमपासून वाटली, हे आधीच कबूल करतो. समीक्षकाने आपला पक्षपात लपवू नये.

खेळ असा. कुठून तरी हाकलून दिलेली चारसहा कुटुंबे एका रानात येऊन पडतात. थोडे धान्य, थोडी हत्यारे, अंगावरचे कपडे. त्यांचे गाव वसवायचे. लढाई नाही, राजा नाही, पैसासुद्धा नाही. नदीतून व्यापाऱ्याची होडी येते, तिच्याशी मालाला माल असा व्यवहार. गावाला नाव द्यायला सांगतात. मी ‘शेवगाव’ दिले. घरे बांधली, कोठार बांधले, शेत आखले, त्यात गहू पेरला, आणि हिवाळ्याची वाट पाहत निवांत बसलो.

इथेच माझी पहिली फजिती झाली. आम्हां पूर्व नगरकडच्या माणसांना हिवाळा म्हणजे दुसरे पीक. परतीच्या पावसाची ओल धरून पेरलेली ज्वारी थंडीवर आणि दवावर वाढते, पौषात हुरड्याला येते, आगटीभोवती माणसे जमतात. हिवाळ्याला भिणारा शेतकरी आमच्याकडे जन्मायचा आहे! या खेळात मात्र वसंतात पेरायचे आणि पाने पिवळी पडताच धावत काढायचे. उशीर झाला की बर्फ पडते आणि उभे पीक जागच्या जागी मरते. माझा अर्धा गहू असा गेला. त्यावर्षी माझ्या शेवगावात तेवीस माणसे होती. फाल्गुनापर्यंत नऊ उरली.

माणूस मेला की खेळ तसे कळवतो. नाव सांगतो, कशाने मेला ते सांगतो: उपासमारीने, थंडीने, बाळंतपणात, खाणीत दगड अंगावर पडून. पुढे काही नाही. एका ओळीत माणूस संपतो. कादंबरीकाराला हेवा वाटावा अशी ती कोरडी ओळ आहे. मी अशा मृत्यूसाठी पाने खर्ची घातली आहेत.

पुढे चारपाच गावे बसवली आणि मोडली, तेव्हा या खेळाची खरी समज कळू लागली. त्यात अन्न कमी पडते ते सहसा पीक बुडते म्हणून नव्हे. हात कमी पडतात म्हणून, आणि पाय दमतात म्हणून. प्रत्येक माणूस घरातून निघतो, शेतावर जातो, कोठारातून शिधा आणतो, पुन्हा घरी जातो. घर शेतापासून लांब असले तर त्याचा निम्मा दिवस चालण्यात जातो आणि काढणी मागे पडते. हे पाहून मला आमच्या वस्त्या आठवल्या. नगर जिल्ह्यात फिरणाऱ्याला दिसते की गावठाणाबाहेर, शेताशेतांत, दोनचार घरांच्या वस्त्या पसरलेल्या आहेत. बाहेरच्याला वाटते ही माणसे गावाला विटली. तसे नाही. विहीर शेतात, जनावर शेतात, आणि मोटारीची वीज रात्री दोन वाजता येणार; मग माणूस गावात झोपून काय करील? चालण्याची किंमत या खेळाने जशी हिशेबात धरली आहे, तशी आमच्या ग्रामीण कादंबरीने क्वचितच धरली. आमची पात्रे परिच्छेद संपला की शेतावर पोहोचतात.

तीच गोष्ट किडीची. खेळात एकाच पिकाची शेते एकमेकांना लागून ठेवली की एकातली कीड दुसऱ्यात जाते. आपण कितीही नेटके असा, शेजाऱ्याचे शेत आपल्याला बुडवते. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्राची कपाशी खाल्ली, तेव्हा आम्ही हेच शिकलो. जाणकार सांगत होते की फरदड घेऊ नका, डिसेंबर संपेतो कपाशी उपटून टाका, अळीला खायला ठेवू नका. ज्याने उपटली त्याच्या बांधापलीकडे कोणी तरी चार वेचण्या अधिक मिळाव्या म्हणून ठेवलीच. त्याला दोष तरी कसा द्यावा? तेवढ्या कापसात त्याच्या मुलाची फी निघत होती. खेळात सगळी शेते एकाच्या हुकमाखाली असल्याने ती पंचाईत नाही. बांध नाही, सातबारा नाही, भाऊबंद नाहीत. भावाभावांनी बांध कोरल्याशिवाय जी शेती होते, तिला शेती म्हणावे की नाही, असा प्रश्न आमच्या चावडीवर नक्की निघेल.

काही उणिवा उघड आहेत. पाऊस पडतो, दिसतो सुंदर, पण पिकाला त्याचे काही नाही. तो केवळ शोभेचा. माती कधी थकत नाही. त्याच वाफ्यात वर्षानुवर्षे कोबी घ्या. पुढे २०२२ साली आलेल्या ‘फार्देस्ट फ्रंटियर’ नावाच्या दुसऱ्या एका खेळाने ही चूक सुधारली. त्यात शेताचा कस उतरतो, तण माजते, दगड वेचावे लागतात, तीन वर्षांची पिकांची फेरपालट आखावी लागते. शेतकी विषयात तो खेळ अधिक हुशार आहे. पण हुशार विद्यार्थी आणि आवडता विद्यार्थी हे एकच असतात असे नाही, हे मी शिक्षकाच्या अनुभवाने सांगतो. मी ‘हद्दपारां’कडेच परत गेलो.

आणि तिथेच मला तो दोष सापडला, जो पावसाच्या आणि मातीच्या दोषांहून मोठा आहे.

एका संध्याकाळी माझ्या गावात पुन्हा धान्य संपत आले. घरोघर थोडे साठवलेले होते, कोठार रिकामे होते. शेतकऱ्यांना हिवाळ्यात शेतावर काम नसते, त्या काळात ते इतर पडेल ते काम करतात, एवढे खेळात आहे. लाकडे तोडतात, दगड वाहतात. पण गाव सोडून कोणी जात नाही. नदीला व्यापाऱ्याची होडी लागली होती. मी भाच्याला विचारले, “अरे, यांच्यातली चार माणसे त्या होडीत बसवून पाठवता येतील का? चार महिने कुठे तरी मजुरी करतील, पेरणीला परत येतील.”

तो हसला. “मामा, तसं बटणच नाही.”

मला हसू आले नाही. कारण हे वाक्य मी पूर्वी ऐकले होते, निराळ्या शब्दांत, आणि ते माझ्याबद्दल होते.

१९७२ च्या दुष्काळावर मी एक कादंबरी लिहिली आहे. तो दुष्काळ मी पाहिलेला नाही. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलो. वडिलांनी पाहिला. त्यांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, अमेरिकेहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीचे वर्णन करताना त्यांचे तोंड अजून कडू होते. माझ्या कादंबरीत मी एक गाव घेतले आणि ते भुकेने हळूहळू मारले. शेवटच्या प्रकरणात एक म्हातारी आणि एक कुत्रे उरते. परीक्षणकारांनी त्या शेवटाची तारीफ केली. वडिलांनी पुस्तक महिनाभर पुरवून वाचले आणि मिटून ठेवताना म्हणाले, “समदी मारून टाकलीस. आरं, आपल्या गावात भुकेनं एक मानूस मेलं न्हाई. गेली समदी. तुझा चुलता गिरणीत गेला, आत्या कारखान्याकडं गेली. तू वाटच ठेवली न्हाई त्यास्नी.”

त्या वेळी मी मनात म्हटले, यांना कलेतले काय कळते! आता त्या खेळापुढे बसून मला कळले की होडोरोविच आणि मी, दोघांनीही एकच चूक केली आहे. वेस लावून घेतली की शोकांतिका सोपी होते. माणसे आत, भूक आत, बाकीचे गणित. पण आमच्याकडे दुष्काळ मरणाच्या रूपाने कमी आणि जाण्याच्या रूपाने अधिक येतो. १९७७ सालचा रोजगार हमीचा कायदा झाला, तो माणसाला गावाच्या आसपास काम मिळावे, त्याला लांब जावे लागू नये, याच इच्छेने. २०१२-१३ च्या टंचाईत आमच्या जिल्ह्यात चारा छावण्या निघाल्या, तर जनावरांमागोमाग माणसे छावणीत राहायला गेली. जायकवाडीचे धरण १९७६ साली पुरे झाले, आणि तालुक्याच्या उत्तर कडेची काही गावे नाथसागराच्या पाण्याखाली जाऊन नव्या जागी वसली. ती खरी हद्दपार माणसे. उन्हाळ्यात पाणी मागे हटले की मोकळ्या झालेल्या गाळात लोक अजून पेरतात. गाळपेर म्हणतात त्याला. हद्दपार होऊनही शेताकडे परत येण्याची ही वाट कुठल्याही खेळात मला दिसली नाही.

आणि दिवाळीनंतरची वाट तर माझ्या हजेरीपत्रकातूनच जाते.

खेळात शाळा आहे, आणि रचणाऱ्याने ती फार समजुतीने घातली आहे. शाळा नसेल तर मूल दहाव्या वर्षीच कामाला लागते. शाळा बांधली तर तेवढे हात काही वर्षे कमी होतात, ऐन टंचाईत ते जाणवते. पण शिकलेला माणूस पुढे अधिक काम देतो. एका शाळेत वीस मुले. ही वीस मुले चैत्रापासून फाल्गुनापर्यंत जागेवर असतात. मला त्या पडद्यावरच्या गुरुजीचा हेवा वाटला.

माझ्या वर्गात दसऱ्यालाच चुळबूळ सुरू होते. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. ती पावसाळ्यात, बियाण्याला किंवा बहिणीच्या लग्नाला, केव्हाच खर्च झालेली असते. नवराबायको मिळून एक कोयता, अशी मोजदाद. टोळी ठरली की दिवाळीच्या पुढेमागे टेम्पो लागतो, आणि त्यात भांडी, गोधड्या, शेळी आणि माझे विद्यार्थी चढतात. शेवगाव-पाथर्डीकडची आणि बीडकडची ही माणसे पार कर्नाटकापर्यंत जातात. तिथे उसाच्या फडाशेजारी कोपी उभी राहते. थोरली मुलगी धाकट्याला सांभाळते, मुलगा बैलांना वाढे घालतो. हंगामी वसतिगृहात काही मुले मागे राहतात. सगळी राहत नाहीत. उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतात तेव्हा उंच झालेली असतात आणि बेरीज विसरलेली असतात. ती जातात म्हणून घरचे कोरडवाहू शेत टिकते, आणि शेत टिकते म्हणून ती परत येतात. ही आमच्याकडची पीकव्यवस्था. ऊस त्यांच्या शेतात नसतो, तरी त्यांच्या शेताचे ते पीक आहे. हे बटण होडोरोविचने दिले नाही, आणि मी तर ही मुले डोळ्यांसमोर असताना माझ्या कादंबरीत दिले नाही. त्याच्यापेक्षा माझा अपराध मोठा.

एवढे बोलून झाल्यावरही मी म्हणेन की घरात संगणक असेल तर मुलांबरोबर हा खेळ जरूर खेळावा. धान्य किती, तोंडे किती आणि हात किती, हा हिशेब त्याच्यासारखा कोणी शिकवत नाही. आणखी एक गंमत पाहा: त्यात जोडप्याला स्वतंत्र घर मिळाल्याशिवाय मूल होत नाही. घरे बांधायचा कंटाळा केला तर गाव नुसते म्हातारे होत जाते आणि एके वर्षी सगळे म्हातारे एकदम जातात. शेती करणाऱ्या मुलाला मुलगी द्यायला कोणी तयार नाही अशा आजच्या दिवसांत हे पाहताना आमच्या शेजारचे आप्पा बराच वेळ गप्प बसले होते.

कादंबरीची दुसरी आवृत्ती काढायची म्हणून प्रकाशकांचे पत्र आले आहे. शेवटचे प्रकरण काढून घेतले आहे. त्याजागी काय येईल ते अजून लिहून झालेले नाही. वडिलांना रोज संध्याकाळी एकेक नाव विचारतो आणि वहीत उतरवतो: कोण कुठे गेले, कशाने गेले, कोण कधी परत आले. काल बेचाळीस नावे झाली. भाचा संगणक घेऊन पुण्याला गेला. माझे ते शेवगाव त्यात अजून आहे म्हणतो. मी शेवटचे पाहिले तेव्हा एकोणीस माणसे होती, आणि कोबी काढणीला आला होता.