मागे न हटलेली रेषा

फुटबॉल विश्वचषकात कतारमधल्या लुसैल स्टेडियमवर २२ नोव्हेंबर २०२२ रोजी सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ असं हरवलं. सौदी जागतिक क्रमवारीत ५१वे, अर्जेंटिना तिसरा आणि सलग ३६ सामने अपराजित. सौदीचे सगळे खेळाडू मायदेशातल्याच लीगमधले, आणि समोर मेस्सी. निकाल लागताच जो तो ‘चमत्कार’ म्हणू लागला. पण हा सामना सावकाश, पुन्हा पाहावा. विजयाची सगळी बांधणी पूर्वार्धातच दिसते, सौदी ०-१ने मागे असताना.

बलाढ्य प्रतिस्पर्ध्यापुढे दुबळा संघ सहसा आपल्या गोलसमोर गर्दी करतो आणि वेळ काढतो. सौदीचे फ्रेंच प्रशिक्षक एर्वे रेनार यांनी नेमकं उलट केलं. बचावफळी त्यांनी पार मध्यरेषेच्या जवळ नेऊन उभी केली. त्यामुळे मधली जागा आक्रसली आणि मेस्सीला चेंडू घेऊन वळायला मोकळीक मिळेना. यातली जोखीम उघड होती. फळीच्या पाठीमागे थेट गोलरक्षक मोहम्मद अल ओवैसपर्यंत मैदान मोकळं पडलं होतं. कबड्डीतल्या साखळीत एकाचा हात सुटला की चढाईपटू निसटतो. इथेही एकाचं पाऊल मागे राहिलं असतं, तर सगळ्यांची मेहनत वाया गेली असती.

दहाव्या मिनिटाला मेस्सीने पेनल्टीवर गोल केला. अशा वेळी पाय आपोआप मागे सरकतात, पण सौदीची फळी जागची हलली नाही. बाविसाव्या मिनिटाला मेस्सीने पुन्हा चेंडू जाळ्यात मारला; ऑफसाइड, म्हणजे पास सुटताना तो सौदीच्या बचावफळीच्या पुढे होता. पाच मिनिटांनी लाउतारो मार्टिनेझने पुढे आलेल्या गोलरक्षकाला चकवत अलगद गोल केला. जल्लोषही झाला. मग तंत्रज्ञानाने काढलेल्या रेषेत लाउतारो खांद्याइतका पुढे दिसला आणि गोल रद्द झाला. चौतिसाव्या मिनिटाला पुन्हा तोच, पुन्हा ऑफसाइड. पूर्वार्धात अर्जेंटिनाचे खेळाडू सात वेळा असे पकडले गेले. खांद्याएवढ्या फरकात नशिबाचा वाटा होताच. पण सात वेळा नुसतं नशीब साथ देत नाही. प्रत्येक वेळी बचावपटूंकडे बघा: पास सुटायच्या क्षणी ते गोलकडे धावत सुटत नाहीत, रेषा धरून राहतात. माझ्या मते या सामन्यातलं सर्वांत सुंदर दृश्य हेच.

मध्यंतरात ड्रेसिंग रूममध्ये रेनार खेळाडूंवर कडाडले. मेस्सीसोबत फोटोच काढायचा असेल तर फोन घेऊन जा, अशा अर्थाचं ते बोलले. त्यांचा रोख स्पष्ट होता. रेषा सांभाळली, आता समोरच्याचा दबदबा मनातून काढा.

अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला सालेह अल शेहरी क्रिस्तियन रोमेरोला मागे टाकत धावला आणि डाव्या पायाने त्याने चेंडू जमिनीलगत पलीकडच्या कोपऱ्यात घातला. त्रेपन्नाव्या मिनिटाला सालेम अल दौसारीचा गोल आला. बॉक्सच्या डाव्या टोकाला चेंडू त्याच्याकडे आला तेव्हा तो बचावपटूंच्या गराड्यात होता. तो वळला, आत आला, उजव्या पायाने मारलेला चेंडू गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझच्या बोटांना चाटून जाळ्यात गेला. अल दौसारीने कोलांटी मारली. या पाच मिनिटांत दिसलेला आत्मविश्वास पहिल्या पंचेचाळीस मिनिटांतून आला होता. ज्यांनी जागा सोडली नव्हती, त्यांनाच पुढे झेपावता आलं.

त्यानंतर मात्र सौदी मागे आले. पण आता राखायला आघाडी होती, त्यामुळे हे मागे येणं घाबरून नव्हतं. अल ओवैसने एकामागून एक फटके अडवले. भरपाईच्या वेळेत अब्दुलइला अल अमरीने गोलरेषेवरून चेंडू डोक्याने बाहेर काढला. यासिर अल शहरानी आपल्याच गोलरक्षकाच्या गुडघ्यावर आदळून इतका जखमी झाला की त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. ही रेषा त्यांनी अंग झोकून राखली.

पुढे सौदी पोलंडकडून ०-२ आणि मेक्सिकोकडून १-२ असे हरले आणि गटात तळाला राहिले. अर्जेंटिना तर विश्वविजेता झाला. म्हणून लुसैलचा निकाल अपघात ठरवायचा का? मला ते पटत नाही. उलट पुढच्या पराभवांनी त्या दिवसाची जोखीम किती खरी होती हेच दाखवलं. दुबळ्या संघाच्या जिद्दीचं आपण कौतुक करतो, तिला मनाचा गुण मानतो. लुसैलमध्ये ती मैदानावर मोजता येत होती: आपल्या गोलपासून किती दूर उभे राहता, आणि गोल खाल्ल्यावरही तिथेच उभे राहता का. सौदी राहिले. विजय तिथे कमावला गेला.