मापाचं ब्लाउज आणि ट्रायल रूमचं दार

पत्रिकेत माझ्या व्याख्यानाचा विषय 'मराठी रंगभूमी आणि चित्रपटातला साडी नेसलेला पुरुष' असा छापला आहे. विषय मीच दिला होता. पण टिपणं काढायला बसलो तेव्हा लक्षात आलं, की नाटकगृहापासून सुरुवात केली तर मुद्दा हाती लागणार नाही. आधी दुकानात जायला हवं.

आपल्या बीडकडे लग्नाचा बस्ता बांधायला वीस-पंचवीस माणसं जातात. गादीवर बसतात, चहा येतो, साड्यांच्या घड्या मोडल्या जातात. कुणी म्हणालं, 'अंगावर कशी दिसेल?' की दुकानातला माणूस उठतो, शर्ट-पँटवरच साडी कमरेला खोचतो, भराभर निऱ्या करतो आणि पदर खांद्यावर घेऊन नवरीसमोर उभा राहतो. चांगला मिशीवाला माणूस. नवरीची आत्या म्हणते, 'जरा वळा बरं, पदर बघू द्या.' तो वळतो. कुणी हसत नाही. साठ वर्षं मी हे बघतो आहे आणि त्यात मला कधीही काही वावगं वाटलं नाही. का वाटलं नाही? कारण ती साडी त्याची नाही, याची आपल्याला खात्री असते. त्याच माणसाने संध्याकाळी दुकान बंद करताना 'ही मला ठेवा' म्हटलं, तर काय होईल ते तुम्हीच मनाशी बघा.

आता नाटक-सिनेमाकडे या. बालगंधर्वांनी महाराष्ट्राला साडी नेसायला शिकवलं असं आपण अभिमानाने सांगतो. घराघरांतल्या बायका त्यांच्या नेसण्याची, दागिन्यांची नक्कल करत, हे खरंच आहे. पण तिथे कला होती. रवी जाधवांच्या 'नटरंग'मध्ये गुणा कागलकर नाच्या होतो, कारण फडाला नाच्या हवा आणि दुसरा कुणी तयार नाही. तिथे कला आणि पोट दोन्ही आहेत. शिवाय हा गुणा मुळात पैलवान गडी आहे, हे चित्रपट आपल्याला विसरू देत नाही. राजीव पाटलांच्या 'जोगवा'त (२००९) तायप्पाला साडी नेसवतात ती देवीच्या नावाने. लघवीतून रक्त गेलं, म्हणजे देवीचं बोलावणं आलं.

'जोगवा' हा मोठा चित्रपट आहे, अन्याय्य रूढीविरुद्ध उभा आहे, आणि त्या रूढीपुरतं त्याचं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. पण त्याचं व्याकरण बघा. साडी ही तिथे बेडी आहे, आणि मुक्ती म्हणजे साडीतून बाहेर पडणं. थिएटरात कोपऱ्यात एखादा असाही प्रेक्षक बसलेला असेल, ज्याला साडीत जायचं आहे. त्याला हा चित्रपट काय देतो? तायप्पाच्या दुःखावर रडण्याची परवानगी देतो, स्वतःच्या इच्छेचं नाव घेण्याची नाही.

तर माझी तक्रार अशी आहे. आपल्या कलेने पुरुषाच्या अंगावरची साडी तीन कारणांसाठी माफ केली: देव, पोट आणि कला. चौथं कारण तिने जवळपास विचारातच घेतलं नाही. ते म्हणजे आवड. म्हणून आपल्याकडे साडी नेसवल्याचे, फेडल्याचे, फाडल्याचे प्रसंग आहेत, पण दुकानात जाऊन विकत घेतल्याचा एक साधा प्रसंग मला आठवत नाही. रवी जाधवांचीच 'ताली' ही मालिका (२०२३) गौरी सावंत यांच्या आयुष्यावर आहे, आणि तिथे निदान माणूस स्वतःहून बदलतो. पण तिथेही भाषणाचा, टाळीचा, कोर्टाचा आवाज इतका मोठा आहे, की काउंटरवर 'यात दुसरा रंग आहे का?' असं विचारणारा बारीक आवाज ऐकू येत नाही. माझ्या मते खरी परीक्षा तिथे आहे. खरेदी करताना माणूस कारण देत नसतो. 'आवडलं' एवढंच म्हणतो. आम्ही तत्त्वज्ञानवाले कारणांच्या मागे लागलेले लोक, पण आवडीला कारण मागणं हा कधीकधी उर्मटपणा असतो.

आता प्रत्यक्षात काय होतं ते सांगतो. हे मला तीन-चार जणींनी आणि एका गृहस्थांनी सांगितलेलं आहे. पहिला प्रश्न: 'कुणासाठी घेताय?' उत्तर ठरलेलं: 'बहिणीसाठी.' मग बहिणीचं माप विचारतात. ते अंदाजाने सांगायचं, घालून बघायचं नाही, आणि नाही बसलं तर बदलायला परत जायची हिंमत होत नाही. ऑनलाइन मागवलं तर पार्सल आई उघडते. आणि ब्लाउज? बायका लेडीज टेलरकडे जाताना पिशवीत मापाचं ब्लाउज नेतात. जुनं, बसणारं. त्यावरून नवं शिवलं जातं. एक जण मला म्हणाली, 'सर, पहिल्या वेळी मापाचं ब्लाउज कुठून आणायचं?' या वाक्यावर मी बरेच दिवस अडकून पडलो. बाकीच्यांच्या घरात ते कुणाचं ना कुणाचं असतंच.

ते जे गृहस्थ म्हणालो, ते स्वतःला पुरुषच समजतात. बायको-मुलं आहेत. महिन्यातून एखाद्या दुपारी साडी नेसून बसायला त्यांना बरं वाटतं, एवढंच. २०१९ च्या कायद्याप्रमाणे ट्रान्सजेंडर व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचा दाखला मिळतो. या गृहस्थांना कसला दाखला मिळणार? ते मागतही नाहीत. त्यांना चाळीस इंचाचं ब्लाउज हवंय.

कायद्याचं निघालंच आहे तर थोडा जुना हिशेब. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. त्या राज्यात १३२९ फसलीत, म्हणजे आपल्या १९१९ च्या सुमाराला, एक कायदा झाला. हिजड्यांची नोंदवही ठेवायची. आणि नोंद असलेली व्यक्ती स्त्रीवेशात किंवा दागिने घालून रस्त्यावर दिसली, किंवा रस्त्यावरून दिसावं अशा हेतूने दुसरीकडे कुठे उभी राहिली, तरी वॉरंटशिवाय अटक. दोन वर्षांपर्यंत कैद. खिडकीत उभं राहणंसुद्धा गुन्हा! तेलंगणा उच्च न्यायालयाने हा कायदा रद्द ठरवला तो जुलै २०२३ मध्ये. म्हणजे परवा.

उलट बाजूला आपली राज्यघटना. अनुच्छेद १५ (२) मध्ये 'दुकाने' हा शब्द स्पष्ट आहे. नोव्हेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत त्यावर चर्चा झाली, तेव्हा बाबासाहेबांनी खुलासा केला की इथे दुकान म्हणजे नुसता आत जाण्याचा हक्क नव्हे. अटी मान्य असतील तर सेवा मिळण्याचा हक्क. न्हाव्याने दाढी नाकारली, धोब्याने कपडे नाकारले, हे ज्यांनी भोगलं त्यांनाच हा फरक सुचतो. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या 'नालसा' निकालात पोशाखातून लिंगओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्तीचा भाग मानला. आणि एप्रिल २०१८ मध्ये पुण्यात विमाननगरच्या एका मॉलच्या दारातच एका तृतीयपंथी कार्यकर्तीला अडवलं. ट्रायल रूम तर फारच पुढची गोष्ट झाली.

आपल्या जिल्ह्याचं नाव या विषयात देशभर गेलं ते माजलगाव तालुक्यातल्या ललित साळवे यांच्यामुळे. त्यांचं प्रकरण वैद्यकीयदृष्ट्या वेगळं आहे, ते या विषयात कोंबू नये. पण पोलीस शिपाई म्हणून शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली, तेव्हा अडचण काय निघाली? भरतीचे शारीरिक निकष स्त्रीचे वेगळे, पुरुषाचे वेगळे. तिथेही शेवटी मापाची पट्टीच. २०१८ मध्ये परवानगी मिळाली, शस्त्रक्रिया झाली, ते खात्यात राहिले. गृहखात्याला जे जमलं ते कापडदुकानाला जमू नये?

इथे समोरच्या काही भगिनींच्या कपाळावर आठी दिसते आहे. ती आठी खोटी नाही. कपडे बदलताना बाईला भीती वाटते, त्याला कारणं आहेत. २०१५ मध्ये गोव्यात एका केंद्रीय मंत्रीबाईंनीच दुकानातला कॅमेरा ट्रायल रूमच्या दिशेने असल्याची तक्रार केली होती. पण ती तक्रार कॅमेऱ्याची होती, शेजारच्या खोलीतल्या ग्राहकाची नव्हती. अमेरिकेत २०१६ मध्ये 'टार्गेट' या दुकानांच्या साखळीने जाहीर केलं, की ज्याने त्याने आपल्या ओळखीप्रमाणे ट्रायल रूम वापरावी. बहिष्काराच्या अर्जावर दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. मला दोन्हीकडच्या घोषणांपेक्षा सुताराचं काम महत्त्वाचं वाटतं. दार जमिनीपर्यंत असावं, आतून कडी असावी, खोली एकट्याची असावी. मग पाटीवर बाईचं चित्र आहे की बाप्याचं, याने फारसं बिघडत नाही. आपल्याकडे निम्म्या ठिकाणी तो पडदा असतो, तोही अर्धवट सरकणारा. तो कुणासाठीच बरा नाही.

आता एक माझं सांगतो, आणि थांबतो. माझा एक जुना विद्यार्थी. मी अजून 'विद्यार्थी' म्हणतो, ती 'विद्यार्थिनी म्हणा, सर' असं सांगून थकली. दोन वर्षांपूर्वी ती म्हणाली, 'सर, मला एक कुर्ती घालून बघायचीय. तुम्ही बाहेर उभे राहाल का? तुम्ही असलात तर कुणी काही बोलणार नाही.' मी गेलो. तीस वर्षं वर्गात स्वातंत्र्यावर बोललेला माणूस, मला काय भीती! ती आत गेली. दुकानातला पोरगा माझ्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, 'काका, हे तुमच्यासोबत आहेत का?' मी म्हणालो, 'नाही, ओळखीचे आहेत.'

दार पातळ होतं. ती बाहेर आली, कुर्तीची नीट घडी केली, काउंटरवर ठेवली आणि म्हणाली, 'नाही बसली.' बसस्टँडपर्यंत आम्ही पावसापाण्याचं बोललो. महिन्याभराने तिचा फोन आला. खुशाली विचारून झाल्यावर म्हणाली, 'सर, ती कुर्ती बसली होती.'

हे इथे सांगायला तिची हरकत नाही. गाव आणि दुकान सांगायचं नाही, एवढीच अट. आज मागच्या रांगेत दोन-तीन कापडदुकानदार मंडळी बसलेली मला दिसताहेत. पहिला प्रश्न त्यांनी विचारावा.