न वाचलेल्या लिपीची पुस्तके

दिवाळीपूर्वी घर झाडायला काढले की आमची एक पत्र्याची पेटी माळ्यावरून खाली येते, पुसली जाते आणि पुन्हा माळ्यावर जाते. यंदा ती माझ्या नातवाने उघडली. तो तेलुगू माध्यमात सातवीला आहे. वरच्या थप्पीतले तेलुगू पहाणीपत्रक त्याने खडाखडा वाचले. त्याखाली निजामाच्या राजवटीतले उर्दू कागद होते, ते त्याने बाजूला ठेवले. त्याखाली माझ्या वडिलांची देवनागरीतली पत्रे, ती त्याने अडखळत का होईना वाचली. अगदी तळाशी मोडीचे काही बंद निघाले.

"आजोबा, ही कुठली भाषा?"

"मराठीच आहे."

"मग वाचा ना!"

मी वाचू शकलो नाही. छत्तीस वर्षे गुडीहत्नूर आणि आसपासच्या शाळांतून मराठी शिकवली आणि आपल्याच पणजोबांचा कागद मला वाचता येईना. नेमके त्याच आठवड्यात मी एक पुस्तक दुसऱ्यांदा वाचत होतो. हैदराबादला आबिड्सच्या पदपथावर रविवारी जुनी पुस्तके मांडून बसतात, तिथून आणलेले. मायकेल को या अमेरिकन पुरातत्त्वज्ञाचे 'ब्रेकिंग द माया कोड', पहिली आवृत्ती १९९२ ची. मेक्सिको-ग्वाटेमालातल्या प्राचीन माया लोकांची चित्रलिपी कशी उलगडली, याची ही कथा. आदिलाबादच्या वाचकाला तिचे काय, असे कोणी विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठीच हा लेख लिहीत आहे.

प्रथम पुस्तकाचा विषय थोडक्यात सांगतो. माया लोकांनी दगडी स्तंभांवर, मडक्यांवर आणि झाडाच्या सालीच्या घडीव पोथ्यांत भरपूर लिहून ठेवले. १५६२ साली युकातान प्रांतातल्या मानी गावी दिएगो दे लांदा या स्पॅनिश धर्मगुरूने त्यांच्या पोथ्या सैतानी म्हणून जाळल्या. आज अस्सल मानल्या जाणाऱ्या पोथ्या जगात अवघ्या चार आहेत. गंमत अशी की याच लांदाने माया लोकांविषयी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात त्यांची 'मुळाक्षरे' उतरवून घेतली. त्याने माया लेखकाला स्पॅनिश अक्षरांची नावे उच्चारून दाखवली. 'बे' म्हटल्यावर त्या लेखकाने पावलाची खूण काढली, कारण त्याच्या भाषेत 'बे' म्हणजे वाट. लांदाला वाटले, हे ब अक्षर. लेखकाने लिहून दिला होता तो 'बे' हा पूर्ण उच्चार.

हा घोळ सुटायला चारशे वर्षे लागली. सोविएत रशियातल्या युरी क्नोरोझोव्ह या तरुण अभ्यासकाने १९५२ साली मांडले की ही चिन्हे म्हणजे अक्षरावयव आहेत, व्यंजन आणि स्वर मिळून एक खूण. पोथीत टर्की पक्ष्याच्या चित्रावर दोन खुणा आहेत, कु आणि त्सु. वाचायचे 'कुत्स'. माया भाषेत टर्कीला हाच शब्द. कुत्र्याच्या चित्रावर त्सु आणि लु. वाचायचे 'त्सुल', म्हणजे कुत्रा. शेवटचा स्वर लिहायचा, पण उच्चारायचा नाही.

इंग्रज वाचकाला हे समजावून देण्यासाठी को यांना बरीच पाने खर्चावी लागली आहेत. मराठी वाचकाला एका ओळीत समजते. आपण 'घर' लिहितो तेव्हा घ आणि र, दोन्हींत अ असतो. बोलताना शेवटचा अ गिळतो. ज्याने लहानपणी पाटीवर बाराखडी गिरवली आहे, त्याला क्नोरोझोव्हचा शोध परका वाटणार नाही. मला तर पहिल्या वाचनातच वाटले होते की लांदाच्या जागी आपल्याकडचा एखादा पंतोजी असता, तर त्याने त्या लेखकाला क-का-कि-की विचारले असते आणि काम तिथेच झाले असते!

मग इतरांना हे आधी का दिसले नाही? को यांच्या पुस्तकाचा खरा विषय हाच आहे आणि इथेच ते थोर ठरते. एरिक थॉम्पसन हे त्या काळचे सर्वांत मोठे माया-पंडित. १९५० चा त्यांचा चित्रलिपीवरचा ग्रंथ आणि १९६२ ची चिन्हांची सूची यांच्या तोडीचे काम तेव्हा कोणी केले नव्हते. सूचीतले त्यांचे क्रमांक अभ्यासक अजून वापरतात. पण त्यांची पक्की धारणा होती की या लेखनात तारखा, ग्रहतारे आणि पुरोहितांचे गूढ चिंतन एवढेच आहे. खरी माणसे, त्यांची नावे, त्यांचे जन्म-मृत्यू या दगडांवर असतील, हे त्यांना पटतच नव्हते. शिवाय क्नोरोझोव्ह पडले मार्क्सवादी देशातले. ते शीतयुद्धाचे दिवस होते. थॉम्पसन यांनी त्यांना झोडपले आणि त्यांच्या हयातीत, १९७५ पर्यंत, फार थोड्यांनी त्यांच्याविरुद्ध तोंड उघडले.

बांध फुटला तो एका स्त्रीच्या हातून. तात्याना प्रोस्कुरियाकॉफ मूळच्या वास्तुशास्त्राच्या पदवीधर. पिएद्रास नेग्रास या ठिकाणच्या स्तंभांवरच्या तारखा त्यांनी गटागटाने मांडल्या. प्रत्येक गटाचा अवधी एका माणसाच्या आयुष्याएवढा भरला. म्हणजे ही देवांची गणिते नव्हती, राजांची चरित्रे होती. १९६० चा त्यांचा हा निबंध अजूनही डोळे उघडतो. एक अक्षर न उच्चारता त्यांनी मजकुराचा अर्थ पकडला.

आता दोष. को उत्तम गोष्ट सांगतात, पण गोष्टीच्या ओघात कधी कधी वाहून जातात. थॉम्पसन खलनायक आणि क्नोरोझोव्ह नायक अशी मांडणी झाली की थॉम्पसन यांचे कष्ट झाकोळतात. पहिल्या आवृत्तीत अशी हकिकत आहे की बर्लिनच्या जळत्या ग्रंथालयातून सैनिक क्नोरोझोव्ह यांनी माया पोथ्यांच्या प्रतिकृतींचे पुस्तक वाचवले. पुढे क्नोरोझोव्ह यांनीच सांगितले की आग वगैरे काही नव्हती, पुस्तके खोक्यांत भरून ठेवलेली होती. आगीतून पोथी वाचवणारा वीर वाचकाला आवडतो. खोक्यातले पुस्तक चिकाटीने वाचणारा माणूस मात्र त्याहून मोठा असतो, हे को यांनी ओळखायला हवे होते.

दुसरा दोष जास्त गंभीर आहे. माया भाषा मेलेल्या नाहीत. त्यांच्या कुळातल्या तीसेक भाषा आजही लाखो लोक बोलतात आणि त्यांच्याच आधाराने लिपी वाचता आली. तरीही संशोधकांच्या आपसातल्या भांडणांना जेवढी जागा मिळते, तेवढी या बोलणाऱ्यांना मिळत नाही. लिंडा शील आणि मेरी मिलर यांच्या १९८६ च्या 'द ब्लड ऑफ किंग्ज' या देखण्या ग्रंथाबाबतही माझी हीच तक्रार आहे. त्याने माया कलेतले राजे, त्यांची युद्धे, स्वतःचे रक्त अर्पण करण्याचे विधी प्रथमच ठसठशीतपणे समोर आणले. पण मका पिकवणारा माणूस त्या चित्रांतून हरवला. मात्र त्याच शीलबाईंनी पुढे ग्वाटेमालात जाऊन तिथल्या माया भाषिकांसाठी कार्यशाळा घेतल्या आणि त्यांच्या पूर्वजांची अक्षरे त्यांच्या हाती दिली. त्या पंडितेचे हे काम मला तिच्या ग्रंथाहून मोलाचे वाटते.

इथवर वाचून मी पुस्तक मिटले आणि खिडकीबाहेर पाहिले. आमच्या गुडीहत्नूरला महामार्ग सोडून एक रस्ता इंद्रवेल्ली-उटनूरकडे वळतो. त्याच मुलखात पुढे नारनूर मंडळ आणि त्यात गुंजाला हे खेडे. २००६ साली प्राध्यापक जयधीर तिरुमल राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तिथे गोंडी भाषेतली हस्तलिखिते मिळाली, आणि तीही एका स्वतंत्र लिपीत. अभ्यासकांनी त्यांचा काळ १७५० च्या आसपासचा धरला. मुख्य म्हणजे ती लिपी वाचणारी मोजकी वृद्ध माणसे गावात हयात होती. क्नोरोझोव्ह यांनी माया लिपी लेनिनग्राडमध्ये बसून सोडवली. माया मुलूख त्यांना प्रत्यक्ष पाहायला मिळाला तो १९९० मध्ये. आम्ही उलट्या दिशेचे! त्या रस्त्याने शिक्षकांच्या बैठकांना, केसलापूरच्या नागोबा जत्रेला किती वेळा गेलो, याची गणती नाही. 'गोंडीला लिपी नाही' हे वाक्य मी वर्गात स्वतः उच्चारलेले आहे. थॉम्पसन यांना हसण्याचा अधिकार मला कितपत उरतो?

आपल्या जिल्ह्यावरची जुनी पुस्तके या प्रकाशात पुन्हा वाचली. क्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा 'द राज गोंड्स ऑफ आदिलाबाद' १९४८ चा. मारलवाईला राहून, गोंडांत मिसळून लिहिलेला हा ग्रंथ ऐकण्याच्या कलेचा नमुना आहे. परधान भाट किकरीच्या साथीने जी दैवतकथा गातात, ती त्यात सविस्तर आली आहे. दुसरे आपले सेतुमाधवराव पगडी. मराठी इतिहासकार म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो. पण निजामाच्या सेवेत असताना ते या जिल्ह्यात गोंडी शिकले आणि त्यांनी गोंडीचे व्याकरण लिहिले, ही गोष्ट आपल्या घरांतून सांगितली जात नाही. १९४० च्या दशकात इथे गोंडांच्या शाळा निघाल्या, त्यांची गोंडी वाचनपुस्तके देवनागरीत छापली गेली. त्या वेळी ते सोयीचे आणि शहाणपणाचे होते. पण भाषेला आपली लिपी देणे आणि तिची लिपी विचारणे यांत अंतर आहे. ते अंतर त्यानंतर साठेक वर्षे कोणी ओलांडले नाही.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांनी ध्यानात घ्यावी. गुंजालाच्या लेखनपरंपरेशी परधान समाजाचे नाव जोडलेले आहे, आणि आदिलाबादचे परधान घरात मराठी बोलतात. हायमेनडॉर्फ यांनीही ते नोंदवले आहे. म्हणजे गोंडांची पुराणे ज्यांनी मुखात आणि पोथीत सांभाळली, त्यांची घरची बोली आपलीच! लिपी आपल्या अंगणापलीकडे नव्हती, अंगणातच होती.

आज गुंजाला गोंडी लिपीला संगणकाच्या युनिकोड तक्त्यात जागा मिळाली आहे, २०१८ पासून. मंगलसिंग मसराम यांनी बालाघाटकडे १९१८ मध्ये तयार केलेल्या दुसऱ्या गोंडी लिपीला २०१७ मध्ये मिळाली. आणि आपल्या मोडीला २०१४ मध्ये. ही चांगली बातमी आहे. पण तक्त्यात जागा मिळाल्याने वाचणारा तयार होत नाही. त्याला पुस्तक लागते. ते कसे असावे, याचा वस्तुपाठ मराठीत आहे. शं. गो. तुळपुळे यांचा 'प्राचीन मराठी कोरीव लेख' हा १९६३ चा ग्रंथ पाहा. लेखाचा ठसा, त्याचे वाचन, अर्थ आणि टिपा असे सगळे समोर. वाचकाला स्वतः पडताळून पाहता येते. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड, तमिळ आणि मराठी असे तिन्ही भाषांत लेख आहेत. तीन भाषांचे लोक एकाच दगडाशी येतील, हे त्या कोरणाऱ्याला ठाऊक होते. गुंजालाच्या पोथ्यांचे असे एक पुस्तक व्हावे. एका पानावर मूळ अक्षरे, समोर गोंडी उच्चार देवनागरीत आणि तेलुगूत, खाली मराठी व तेलुगू अर्थ. त्यावर वाचून दाखवणाऱ्या गावच्या वृद्धांचे नाव संपादकाच्या नावाशेजारी असावे, आभाराच्या पानावर नव्हे.

एवढा उपदेश केल्यावर एक कबुली देणे भाग आहे. आमच्या पेटीत मोडीचे कागद थोडे आहेत, कारण बाकीचे मी जाळले. लहानपणी नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटवण्याचे काम माझ्याकडे असे. ओल्या गोवऱ्या लवकर धरत नसत. माळ्यावर जुन्या कागदांचा ढीग होता. "कोणाला वाचता येतंय ते, घे," असे घरातलेच कोणी म्हणाले आणि दोन-तीन दिवाळ्या मी त्या कागदांनी बंब पेटवला. लांदाने निदान भीतीपोटी जाळले. आम्ही अभ्यंगस्नानासाठी.

यंदा मोडीची बाराखडी आणली आहे. रात्री जेवणानंतर नातू आणि मी एक बंद घेऊन बसतो. त्याची नजर माझ्यापेक्षा तल्लख. तेलुगूच्या वळणदार अक्षरांची त्याला सवय असल्यामुळे मोडीच्या गाठी त्याला लवकर सुटतात. चौथ्या दिवशी त्याने 'बैलजोडी' हा शब्द लावला. मी म्हटले, जोडीतला 'ड' कसला रे? तर म्हणाला, "आजोबा, खाली बघा, पुन्हा तसाच आलाय." तात्यानाबाईंनी याहून वेगळे काय केले होते?

दंडारीचे दिवस आहेत. गुस्साडी मोरपिसांचे टोप घालून गावोगाव निघाले आहेत. ओळखीचे एक परधान गृहस्थ फराळाला आले होते. आम्हा दोघांना कागदावर वाकलेले पाहून त्यांनी चष्मा लावला, बंद उलटसुलट केला आणि हसून म्हणाले, "म्हणजे गुरुजी, तुम्हाला पण तुमचं वाचता येत नाही होय?"

"नाही येत," मी म्हणालो. "शिकतोय."

मग नातवाने त्यांना विचारले, "काका, तुमची अक्षरं तुम्हाला येतात?" त्यांनी चकलीचा तुकडा बशीत ठेवला. दिवाळी झाली की आपण तिघे मिळून गुंजालाला जाऊ, असे ठरले आहे.