काहून हरलो बे?

स्ट्रॅटेजी गेममध्ये हरण्याबद्दल माझी तक्रार नाही. हरल्यावर जो प्रश्न पडतो त्याबद्दल बोलायचंय. अकोल्याच्या जुन्या शहरात हा प्रश्न 'काहून हरलो बे?' असा विचारतात. कॅरममध्ये त्याचं उत्तर तिथल्या तिथे मिळतं, क्रिकेटमध्ये कट्ट्यावर मिळतं, आणि कट्ट्यावरचं उत्तर चुकीचं असलं तरी त्यावर भांडता येतं. पण ऐंशी तास खपून उभं केलेलं साम्राज्य एका संध्याकाळी कोसळलं आणि ते कशाने कोसळलं हे गेमने कुठेच लिहून ठेवलं नसेल, तर पुढच्या डावात नेमकं काय बदलायचं?

गेमचं परीक्षण करताना आपण ग्राफिक्सबद्दल बोलतो, संगीताबद्दल बोलतो, एआय किती हुशार आहे ते सांगतो. डॉक्युमेंटेशनबद्दल फार तर एक ओळ असते, 'शिकायला अवघड आहे' अशी. डॉक्युमेंटेशन म्हणजे काय काय? सोबतची पुस्तिका, गेममधलाच छोटा विश्वकोश, आकड्यावर माउस नेला की उघडणारी चौकट, आणि प्रत्येक अपडेटबरोबर येणारी बदलांची यादी. हे सगळं मी गेमचाच भाग मानतो. ते वाईट असेल तर गेम तेवढ्या भागात वाईट आहे, आणि परीक्षणात तसे मार्क कापले पाहिजेत.

सगळ्यांच्या ओळखीच्या गेमपासून सुरुवात करू. 'एज ऑफ एम्पायर्स २' १९९९ साली आला आणि आपल्याकडच्या इंजिनिअरिंग हॉस्टेलांमधून अजून गेलेला नाही. त्यातला भालेवाला निवडला की पडद्यावर त्याचा हल्ला दिसतो ३. समोरचा घोडेस्वार म्हणजे नाइट, त्याचे प्राण १०० आणि चिलखत २. शाळेतली वजाबाकी केली तर भालेवाल्याच्या एका घावाने एकच प्राण कमी होतो, म्हणजे नाइट पाडायला शंभर घाव लागतील. प्रत्यक्षात सात लागतात. कारण भालेवाल्याला घोडदळाविरुद्ध १५ चा जादा हल्ला मिळतो. 'घोडदळाविरुद्ध चांगला' असं वर्णनात शब्दांत लिहिलेलं असतं, पण १५ हा आकडा त्या मूळ गेममध्ये भालेवाल्याशेजारी दिसत नाही. शंभर आणि सात यांच्यातला फरक 'चांगला' या एका शब्दावर सोडून दिलेला आहे.

त्या गेमच्या डब्यात जाडजूड पुस्तिका होती आणि कोणत्या शोधानंतर काय मिळतं हे दाखवणारा घडीचा मोठा तक्ताही होता. म्हणजे बनवणाऱ्यांना वाचकाची जाणीव नक्कीच होती. पण आपल्याकडे गेम फिरला तो सीडीवरून सीडीवर आणि पुढे पेन ड्राइव्हवरून. कागद कॉपी होत नाही. त्यामुळे एका अख्ख्या पिढीने हा गेम ऐकीव माहितीवर खेळला. कुणाचा तरी दादा सांगायचा की भालेवाले काढ, आणि आपण काढायचो. दादा बरोबर असायचा. पण का बरोबर आहे हे दादालाही ठाऊक नसायचं.

ऐकीव माहितीचं पुढे काय होतं याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण गांधीजींचं आहे. सिड मायरचा 'सिव्हिलायझेशन' १९९१ चा. त्यात भारताचे नेते म्हणून गांधी आहेत आणि ते अणुबॉम्ब टाकतात, ही गोष्ट तुम्ही मीम म्हणून तरी पाहिली असेल. तिचं स्पष्टीकरण असं सांगतात: गांधींची आक्रमकता १ होती, लोकशाही आली की ती २ ने कमी व्हायची, उणे एक साठवता न आल्याने तो आकडा उलटा फिरून २५५ व्हायचा. ओव्हरफ्लो शिकवायला याहून गोड किस्सा नाही, म्हणून प्रोग्रॅमर लोक तो एकमेकांना सांगत राहिले. फक्त तो खोटा आहे. खुद्द मायरने २०२० च्या आत्मचरित्रात हे सांगून टाकलं. गंमत म्हणजे 'सिव्हिलायझेशन ५' मध्ये डिझायनरने गांधींची अण्वस्त्रांची आवड मुद्दाम वाढवून ठेवली, म्हणजे अफवा असलेली गोष्ट नंतरच्या गेमात नियम म्हणून आली. आणि 'सिव्हिलायझेशन' हा काही कंजूष गेम नाही, सिव्हिलोपीडिया नावाचा स्वतःचा विश्वकोश त्यात पहिल्यापासून आहे. पण नेत्यांचे स्वभाव कुठल्या आकड्यांवर चालतात ते त्यात नव्हतं. जिथे नोंद नव्हती, नेमकी तिथेच दंतकथा उगवली.

आता मराठ्यांकडे येऊ. २००९ च्या 'एम्पायर: टोटल वॉर'मध्ये मराठे खेळायला घेता येतात. मोहीम १७०० मध्ये सुरू होते आणि १७९९ ला संपते. वऱ्हाडातल्या माणसाला ही शेवटची तारीख टोचते, कारण आपल्या भागाचा निकाल त्यानंतर चार वर्षांनी लागला. २९ नोव्हेंबर १८०३ ला आडगावला, म्हणजे आजच्या तेल्हारा तालुक्यात, आर्थर वेलस्लीच्या फौजेने नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोन दिवसांनी देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख भोसल्यांच्या हातून गेला.

तर या गेममध्ये मराठे निवडणारा माणूस इतिहास वाचून बसलेला असतो. इंग्रज समुद्रावरून येणार हे त्याला पाठ असतं. तो किनाऱ्यावर पैसा ओततो, आरमार बांधतो, वाट पाहतो, आणि कुणीच येत नाही. कारण गेम बाजारात आला तेव्हा संगणकाच्या ताब्यातल्या देशांना जहाजात फौज भरून दुसऱ्याच्या किनाऱ्यावर उतरवणं जमतच नव्हतं. त्याच वर्षी पुढच्या एका अपडेटमध्ये ते आलं. बग असणं मी समजू शकतो, माझा पगार बगांवरच चालतो. पण ही गोष्ट पहिल्या दिवशी एका ओळीत लिहून ठेवली असती तर खेळणाऱ्याने तो पैसा मोगलांविरुद्ध लावला असता. आपलं आरमार भारी म्हणून शत्रू आला नाही, की त्याला येताच येत नव्हतं? दोन्हींत पडद्यावर सारखंच दिसतं, रिकामा समुद्र.

याच आडगावच्या लढाईत एक प्रसंग आहे. तोफांचा मारा सुरू होताच वेलस्लीच्याच काही पलटणी घाबरून मागे पळाल्या. दोन महिन्यांपूर्वी असईला शौर्याने लढलेल्या पलटणी होत्या या. त्याने स्वतः जाऊन त्यांना पुन्हा उभं केलं, आणि ही फजिती आपल्या पत्रव्यवहारात लिहूनही ठेवली. जिंकणाऱ्याने असं लिहून ठेवलं म्हणून त्या दिवसाचा निकाल किती थोडक्यात लागला हे आज आपल्याला कळतं. टोटल वॉरच्या गेमांत मनोधैर्याचा हिशेब आहे आणि तो सुंदर आहे. पण तुकडी डळमळीत झाली हे दिसतं, तोफेमुळे किती, बाजू उघडी पडल्यामुळे किती, सेनापती लांब असल्यामुळे किती, याची फोड 'एम्पायर' देत नाही. तुम्ही अंदाजाने सेनापती पुढे नेता, तो मरतो, आणि सगळी फळी पळते.

इथे एक आक्षेप हमखास येतो: सगळं सांगितलं तर मजा काय उरली? शोधून काढण्यातच तर खेळ आहे. मला यात दोन वेगळ्या गोष्टींची मिसळ दिसते. शत्रू टेकडीमागे आहे की नाही हे लपवणं हा खेळ आहे. टेकडीवरून तोफ किती लांब मारते हे लपवणं हा खेळ नाही. बुद्धिबळाचे नियम एका पानावर मावतात, पटावरचं सगळं दोघांनाही दिसतं, तरी शेकडो वर्षं लोक त्यात हरतायत. 'इनटू द ब्रीच' खेळून पाहा. पटही आठ बाय आठचाच. शत्रू पुढच्या वेळी कुणावर, कुठून, किती जोराने हल्ला करणार हे आधीच दाखवलेलं असतं. आणि तरीही घाम फुटतो, कारण आता हरलात तर सांगायला निमित्त उरत नाही.

लिहिलेल्या नियमांनी खेळ मरतो असं मानणाऱ्यांनी अमरावतीपर्यंत जाऊन यावं. हुतूतूचे नियम गावागणिक वेगळे होते. १९१० आणि १९२० च्या दशकांत पुण्या-बडोद्याकडच्या संस्थांनी बसून ते लिहून काढले: मैदान केवढं, दम कुठे सुटला म्हणायचा, बाद कोण. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे या देशी खेळाची प्रात्यक्षिकं केली. आमच्या गल्लीत असं खेळतात, एवढ्यावर बर्लिनला जाता आलं नसतं.

लिहिणं एकवेळ सोपं, लिहिलेलं ताजं ठेवणं कठीण. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' २०१३ चा. योग्य देश घेऊन त्यात मराठा राज्य उभारता येतं. २०१८ मध्ये भारतावरचा 'धर्मा' हा विस्तार आला आणि त्याच्या बरोबरच्या अपडेटने राज्यकारभाराची पद्धतच बदलली. म्हणजे पहिल्या पुस्तिकेतलं ते प्रकरण बाद, आणि त्याआधीचे यूट्यूबवरचे तासातासाचे व्हिडिओही त्या भागापुरते बाद. नवा माणूस मात्र ते बघतो, कारण सर्चमध्ये तेच वर येतात. मग तो तीस रेजिमेंट घेऊन वीसवाल्यावर चालून जातो आणि हरतो. लढाईच्या रुंदीला मर्यादा असते, पहिल्या रांगेत मोजकेच जण लढतात, तोफा मागच्या रांगेतूनही मारतात, हे त्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं. 'काहून हरलो'चं उत्तर गेमच्या बाहेर, विकीवर, इंग्रजीत.

माझ्या धंद्यातही हेच चालतं. फीचर आधी, डॉक्युमेंटेशन वेळ उरला तर. वेळ उरत नाही. ज्याने ते फीचर लिहिलं तो दोन वर्षांत नोकरी बदलतो आणि रात्री दोन वाजता सर्व्हर पडल्यावर दुसराच कुणी कोड वाचत बसतो. त्यामुळे गेम कंपन्यांतल्या लेखकांना मी दोष देणार नाही, वेळापत्रक आखणाऱ्यांना देईन. होऊ शकतं हे त्याच पॅराडॉक्स कंपनीने २०२० मध्ये 'क्रुसेडर किंग्ज ३' मध्ये दाखवलं. त्यात चौकटीतल्या शब्दावर माउस नेला की त्या शब्दाची चौकट उघडते, तिच्यातल्या शब्दाची आणखी एक. पुस्तिका शोधायला जायचं नाही, ती बोटाखाली येते. आकडाही गेम चालू असताना तिथेच मोजलेला असल्यामुळे तो शिळा होणं अवघड. अलीकडच्या स्ट्रॅटेजी गेमांतली ही मला सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते, एखाद्या नव्या युद्धपद्धतीपेक्षाही.

राहिली भाषा. 'एज ऑफ एम्पायर्स २'ची नवी आवृत्ती हिंदीत खेळता येते. मराठीत यातलं काहीच नाही. मराठी माध्यमातून आलेल्या पोराला 'ॲट्रिशन' शब्दापाशी थांबावं लागतं आणि डेटा पॅक संपवत व्हिडिओ बघावा लागतो. मी आणि दोन मित्र 'युरोपा'तल्या शब्दांची मराठी यादी करायला बसलो आहोत, फोनवर वाचता येईल अशी. 'सप्लाय लिमिट'ला 'रसदमर्यादा' लगेच सुचलं. 'ॲट्रिशन'वर अडलो आहोत. मी 'झीज' म्हणतो. एक जण म्हणतो झीज दगडाची होते, सैन्याची 'गळती' होते, कारण त्यात उपाशी मेलेलेही आले आणि रात्री पळून गेलेलेही. तिसरा म्हणतो, बे, आधी तो आकडा कसा निघतो ते तर लिहा.