फटींचं देऊळ

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर मी पोचले ती नेमकी ओहोटीच्या वेळी. बोटीतून उतरून किनाऱ्याने चालत गेले आणि समोरचं दृश्य पाहून हिरमोड झाला. फोनवर शंभरदा पाहिलेलं ते निळ्या पाण्यावरचं शेंदरी तोरी, म्हणजे इत्सुकुशिमा देवळाचं महाद्वार, चक्क चिखलात उभं होतं. पायाशी शेवाळ, खांबांना चिकटलेले शिंपले आणि बूट सांभाळत सेल्फी काढणारी माणसं. त्यांच्यात मीही.

या देवळाबद्दल जे काही लिहिलं आणि दाखवलं जातं, त्यात दोन शब्द हमखास येतात : ‘तरंगणारं’ आणि ‘निर्मळ’. माझी तक्रार दोन्हींबद्दल आहे.

आधी तरंगण्याचं बघू. हे तोरी सुमारे १६.६ मीटर उंच आणि ६० टन वजनाचं आहे. मुख्य खांब कापराच्या झाडांचे. ते जमिनीत पुरलेले नाहीत. अख्खा डोलारा स्वतःच्या वजनावर उभा आहे. वरची आडवी तुळई आतून पोकळ आहे आणि वजन वाढावं म्हणून तिच्यात कित्येक टन दगड भरलेत. म्हणजे भरतीच्या वेळी जे तरंगताना दिसतं, ते खरं तर स्वतःच्या भारानं तळाला घट्ट टेकलेलं असतं. शिवाय ते अनादी काळापासून उभं आहे असंही नाही. आधीची तोरी गेली, आत्ताचं १८७५ सालचं. २०१९ पासून २०२२ अखेरपर्यंत तेही दुरुस्तीसाठी झाकलेलं होतं, कारण लाकूड कुजत होतं, वाळवी लागली होती. त्या काळात आलेले पर्यटक हळहळले असतील. मला मात्र वाटतं, त्यांना या देवळाचं सर्वांत खरं रूप दिसलं. समुद्रात लाकूड उभं ठेवायचं, तर कुणीतरी ते सतत दुरुस्त करत राहायला लागतं.

ओहोटीत देवळाच्या जोत्याखालीही ओली वाळूच असते. लांबलचक पडव्यांसारख्या वाटांवरून चालताना मी खाली बघत होते. फळ्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या आहेत. वादळात पाणी खालून धडका देतं, तेव्हा ते या फटींतून वर येतं, जोर ओसरतो आणि जमीन उखडत नाही. तरी समुद्र कधी कधी वरचढ ठरतोच. १९९१ च्या वादळात इथला नो नाट्याचा रंगमंच कोसळला होता. मग तो पुन्हा उभारला. सगळ्या देवळात मला सर्वांत शहाणी वाटली ती ही फट. पाणी अडवायचं नाही, येऊ द्यायचं.

आता ‘निर्मळ’. देऊळ पाण्यात का बांधलं? सांगतात ते असं की अख्खं बेटच देव मानलेलं, मग त्याच्या अंगावर खांब कसे रोवणार? म्हणून भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात बांधलं. परंपरा स्थापनेचं साल ५९३ सांगते. आज दिसणारी मांडणी ११६८ च्या सुमाराची, ताइरा नो कियोमोरी या बलाढ्य सरदाराच्या आश्रयानं झालेली. आणि बेट पवित्र, म्हणून तिथे जन्म नको, मृत्यूही नको. दिवस भरलेल्या बायकांना समोरच्या किनाऱ्यावर पाठवायचे. मरणाऱ्यांनाही. आजही बेटावर स्मशान नाही.

हे वाचून इतर पर्यटक ‘किती वेगळी संस्कृती’ म्हणत असतील. मला ते अजिबात वेगळं वाटलं नाही. सोयर आणि सुतक, दोन्ही माझ्या ओळखीचे. कोकणातल्या आजीच्या घरी मला ‘कावळा शिवला’ की पडवीच्या कोपऱ्यात चटई मिळायची, ताट लांबून सरकवलं जायचं. आजीची माया आटलेली नसायची, पण घर ‘शुद्ध’ राहायचं ते कुणाला तरी बाहेर बसवूनच. मियाजिमाच्या बोटधक्क्यावर उभी असताना मला प्रसूतीच्या कळा सोसत होडीत बसलेली बाई दिसत होती. ती कुठल्याच फोटोत नाही.

एक कबूल करायला हवं. या पावित्र्यामुळेच बेटावरच्या मिसेन डोंगराचं आदिम जंगल टिकलं. १९९६ मध्ये देवळासोबत तेही जागतिक वारसा ठरलं. पावित्र्य राखतंही आणि हाकलतंही. कुणाला राखायचं नि कुणाला हाकलायचं, हे ठरवतं कोण, एवढंच विचारायचं.

ते ठरवणारे बदलतातही. ११६४ मध्ये कियोमोरीनं या देवळाला सोन्याचांदीनं सजवलेल्या ३३ गुंडाळ्या अर्पण केल्या. त्यात होतं सद्धर्मपुंडरीक सूत्र, म्हणजे बौद्ध ग्रंथ. कुणाला खटकलं नाही. इथली देवी इचिकिशिमा-हिमे आणि बेन्झाइतेन एकच मानत. बेन्झाइतेन म्हणजे भारतातून चीनमार्गे तिथे पोचलेली सरस्वती. ‘बघा, आपली सरस्वती!’ म्हणून आपण लगेच छाती फुगवू, पण थांबा. १८६८ मध्ये नव्या सरकारनं शिंतो देव आणि बुद्ध वेगळे करण्याचा हुकूम काढला. मग बेन्झाइतेनची मूर्ती देवळातून शेजारच्या दाइगान्जी या बौद्ध मंदिरात गेली. टेकडीवरच्या १४०७ सालच्या पाच मजली पॅगोड्यातल्या मूर्तीही तिकडेच नेल्या. सातशे वर्षं एकत्र नांदलेल्या देवांची वाटणी झाली. ‘मूळचं शुद्ध’ म्हणून आज जे दिसतं, ते दीडशे वर्षांपूर्वीच्या साफसफाईनंतरचं आहे.

पण गंमत बघा. हुकूमानंतर सातच वर्षांनी हे तोरी उभारलं. मुख्य खांबांना आधाराला चार छोटे खांब असलेल्या या घडणीला ‘र्योबु’ म्हणतात; शिंतो आणि बौद्ध धर्म एकत्र गुंफणाऱ्या पंथाचं नाव. समुद्रात टिकायला तेच चार पाय उपयोगी होते, म्हणून ते राहिले. सगळं निवडून वेगळं केलं, तरी दारातच ही सरमिसळ उरली. आपण तिचेच फोटो काढतो आणि खाली ‘शुद्ध’ लिहितो.

संध्याकाळपर्यंत मी थांबले. पाणी आलं. आधी वाळूत बारीक ओघळ, मग तोरीचे पाय बुडाले, मग फळ्यांखाली चुबुकचुबुक सुरू झाली. मी वाकून फटीतून पाहिलं. पाण्यावर काटक्या आणि पानं तरंगत आत येत होती. त्यांना कुणी अडवत नव्हतं.

जाणार असाल तर भरतीचं वेळापत्रक बघाच. पाणी अडीच मीटरच्या वर गेलं की तोरी तरंगल्यासारखं दिसतं, एक मीटरच्या खाली उतरलं की त्याच्यापर्यंत चालत जाता येतं. माझं ऐकाल तर चिखल असताना पोचा आणि पाणी चढेपर्यंत थांबा. सहाएक तास लागतील. तेवढ्या वेळात समोरच्या किनाऱ्याकडेही एकदा बघा, जिकडे त्या होड्या जायच्या.