कोळशाच्या बोटांनी

कागदाची एक लांबट आडवी पट्टी. मधोमध काजळी दाटून आलेली, आणि टोकांकडे जाता जाता ती विरळ होत सुट्या सुट्या डागांत विखुरलेली. हे चित्र कशाचं, असा प्रश्न पडायच्या आतच आपली नजर त्या डागांमधल्या अंतरांवर रेंगाळू लागते. ती अंतरं ओळखीची वाटतात, कारण ती माणसाच्या पंजानं मोजलेली आहेत. अमेरिकन जॅझ पियानोवादक जेसन मोरान पियानोच्या पट्ट्यांवर कागद अंथरतो, बोटांच्या टोकांना कोळसा लावतो आणि वाजवू लागतो. वाजवून झालं की सूर विरतात, कागद उरतो. ‘रन’ ही त्याची चित्रमालिका अशीच घडली.

आपण जरा जवळ जाऊ. बोट नुसतं दाबलं तर ठसा आटोपशीर उमटतो, घसरलं तर त्याला शेपूट फुटतं, आणि एकच जागा पुनःपुन्हा आळवली की कोळशावर कोळसा चढून तिथे मखमली अंधार साचतो. ज्यानं कधी पेटीवर बोटं फिरवली आहेत, त्याला डावा हात कुठे रमला आणि उजवा कुठे धावला याचा अदमास सहज घेता येईल. पण आधी काय वाजलं आणि नंतर काय, हे त्यालाही सांगता येणार नाही. मला या चित्रांची सगळी मोहिनी इथे वाटते. संगीत एका सुरामागून एक असं काळात उलगडत जातं. कागदाला स्पर्श आठवतो, क्रम आठवत नाही. त्याच्यावर मैफलीचा पहिला सूर आणि अखेरचा सूर एकाच जागी, एकमेकांत मिसळून पडलेले असतात, आणि अख्खं वादन आपल्याला एका दृष्टिक्षेपात भेटतं.

क्रम हरवलेला आणि जागा तेवढी शिल्लक, हाच खेळ मोरान मोठ्या आकारातही मांडतो. न्यूयॉर्कमधल्या नामशेष झालेल्या जॅझच्या ठिकाणांचे मंच त्यानं शिल्पांसारखे पुन्हा उभे केले: हार्लेमचं सॅव्हॉय बॉलरूम, बावन्नाव्या रस्त्यावरचं थ्री ड्यूसेस आणि पुढे स्लग्ज सलून. पहिले दोन 2015 मध्ये व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात मांडले गेले. 2019 मध्ये व्हिटनी म्युझियमच्या प्रदर्शनात तिन्ही होते. सॅव्हॉयचा मंच देखणा आहे, माझ्या चवीला जरा जास्तच देखणा. थ्री ड्यूसेसपाशी मात्र पाय अडतो. इतका चिंचोळा कोपरा, की पियानो, ड्रम्स आणि डबल बास एकमेकांना खेटूनच उभे राहावेत. सभोवती गादीसारखं मऊ अस्तर. याच क्लबात 1947 मध्ये सॅक्सोफोनवादक चार्ली पार्कर आणि तरुण ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस वाजवत असत. बीबॉप या जॅझशैलीची ती धावती, दम न घेणारी सुरावट आपण इतकी वर्षं नुसती कानांनी ऐकली. ती किती थोड्या जागेत वाजत असे, हे हा कोपरा डोळ्यांना दाखवतो, आणि मग ध्वनिमुद्रणातली वाद्यांची ती लगट, एकाचं वाक्य पुरं होण्याआधीच दुसऱ्यानं ते उचलणं, निराळ्याच अर्थानं ऐकू येऊ लागतं.

वादक मंचावर नसले तरी ही स्मारकं नव्हेत. मोरान आणि त्याचे साथीदार प्रदर्शनाच्या काळात याच मंचांवर प्रत्यक्ष वाजवत; म्हणजे रिकामेपण हाही मैफलीतला एक विराम.

ज्यांना ही चित्रं पाहायची आहेत, त्यांनी आधी मोरानचं 2002 मधलं ‘मॉडर्निस्टिक’ ऐकावं. एकट्या पियानोचा अल्बम आहे. त्यात जुन्या पिढीतला पियानोवादक जेम्स पी. जॉन्सन याच्या रचनेत खालच्या सुरांवरून उड्या घेणाऱ्या डाव्या हाताकडे विशेष कान द्यावा, आणि मग कागदाची डावी बाजू सावकाश पाहावी.